राजनांदगावच्या गाडीतील संवाद : १८९३

१/
वरठी हे भंडारा शहरापासून जवळच असलेले गाव. तेथील रेल्वे स्थानकाच्या पाटीवर मात्र गावाचे नाव नसून ‘भंडारा रोड’ असे लिहिलेले असते. पदव्युत्तर अभ्यासासाठी माझे नागपूरला जाणे-येणे याच स्थानकावरून होते. डब्यातील गर्दी, पलीकडच्या बाकावरील अनोळखी चेहरे, खिडकीबाहेर धानाची बांधी. कोणी कोणाशी फारसे बोलत नाही. १८९३ साली याच लोहमार्गावरून एक मराठी कवी नोकरीच्या शोधात राजनांदगावला निघाला होता. डब्यात एका अनोळखी परदेशी माणसाने त्याच्याशी बोलणे काढले. त्या बोलण्याने एक संसार मुळापासून हादरला आणि मराठी साहित्याला दोन अविस्मरणीय लेखक नव्या रूपात मिळाले. आजचा धागा त्या संवादाविषयी आणि त्याची किंमत कोणी मोजली याविषयी आहे.

२/
कवीचे नाव नारायण वामन टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव. आपल्यापैकी बहुतेकांना ते शालेय पाठ्यपुस्तकातून ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून परिचित असतात. १८९३ साली मात्र ते तिशी ओलांडलेले, संस्कृतात पारंगत, देशाभिमानी आणि कोठेही फार काळ न टिकणारे गृहस्थ होते. नागपुरात श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. धर्मविषयक प्रश्नांची चर्चा करणारे ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालवले होते. जातिभेद देशाला पोखरतो आहे, नव्या धर्मविचारावाचून या देशाचे पुनरुत्थान व्हायचे नाही, अशा निष्कर्षापर्यंत ते स्वतःच येऊन पोहोचले होते. हा तपशील लक्षात ठेवा. डब्यात बसलेला माणूस कोरी पाटी नव्हता.

३/
आता त्या मार्गाविषयी थोडेसे. १८७०च्या दशकातील दुष्काळानंतर नागपूर-छत्तीसगढ रेल्वेचे काम सुरू झाले. हा मार्ग आरंभी मीटरगेजचा होता. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने तो रुंद केला, पुढे वाढवला आणि १८९१ पर्यंत नागपूर थेट आसनसोलशी जोडले गेले. नागपूरहून राजनांदगावला जाताना कन्हान ओलांडली की भंडारा रोड, तुमसर रोड, मग माडगीजवळ वैनगंगेवरचा पूल, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी स्थानके लागतात. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे १८९३ सालच्या प्रवाशाला या वाटेचा फार मोठा भाग भंडारा जिल्ह्यातूनच कापावा लागे. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात या प्रवासाची नोंद क्वचितच घेतली जाते, म्हणून हा प्रपंच.

४/
समोरचा परदेशी प्रवासी म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड, फ्री मेथडिस्ट पंथाचा अमेरिकन मिशनरी. तो आणि त्याची पत्नी फीबी १८८१च्या सुमारास भारतात आले, प्रथम बऱ्हाणपुरास राहिले आणि नंतर वऱ्हाड-मध्यप्रांतात वावरले. आपल्या पंथाचे भारतातील पहिले मिशनरी म्हणून या दांपत्याची गणना होते. पुढे १९०८ साली त्यांनी आपल्या अनुभवांचे पुस्तकही प्रसिद्ध केले. अमेरिकेतले घर सोडून अनोळखी हवामानात, अनोळखी भाषेत आयुष्य काढणे हे खचितच सोपे नव्हते. तरीही इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे एक प्रश्न विचारला पाहिजे : त्या डब्यात बोलणे सुरू करताना वॉर्डला नेमके काय गमवावे लागणार होते?

५/
प्रामाणिक उत्तर असे, की फार तर अपमान. राज्य इंग्रजांचे होते. गोऱ्या माणसाने डब्यात धर्माची गोष्ट काढली म्हणून त्याची नोकरी जाणार नव्हती, त्याला वाळीत टाकले जाणार नव्हते, त्याच्या बायकोला कोणी माहेरी नेऊन ठेवणार नव्हते. ऐकणाऱ्याचे मात्र हे सगळे होणार होते. आपला विश्वास दुसऱ्याला सांगण्यासाठी सुखाचा उंबरठा ओलांडणाऱ्यांच्या कथा आपण पुष्कळदा सांगणाऱ्याच्या बाजूने ऐकतो. सात समुद्र ओलांडले, ऊन-ताप सोसला, भाषा शिकली. हे सारे खरेच असते. परंतु उंबरठा दोन्ही बाजूंना असतो, आणि वसाहतकाळात ऐकणाऱ्याच्या बाजूचा उंबरठा बहुधा अधिक उंच असे.

६/
या प्रदेशात तो किती उंच होता, याचे अर्धशतकापूर्वीचे उदाहरण पाहू. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपुरात आला. तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. १८४६ साली त्याने शाळा काढली. मराठी शिकला, पुढे गोंडांची भाषा, कथा आणि चालीरीती यांची टिपणे घेऊ लागला, मोकळ्या वेळेत जीवाश्म गोळा करू लागला. त्याच्याकडे येणाऱ्या बाबा पांडुरंग या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्म्याची इच्छा दर्शवली तेव्हा दरबाराने त्या तरुणाला ताब्यात घेऊन अटकेत ठेवले. प्रकरण ब्रिटिश रेसिडेंटपर्यंत गेले. हिस्लॉपला त्रास झाला तो पत्रव्यवहाराचा आणि मनस्तापाचा. कोठडी वाट्याला आली ती विद्यार्थ्याच्या.

७/
हिस्लॉपला न्यायही द्यायला हवा. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना एका पूर आलेल्या नाल्यात बुडून त्याचा मृत्यू झाला. त्याची गोंडांविषयीची टिपणे १८६६ साली मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून छापली. आज गोंडी परंपरेचा अभ्यास करणाऱ्याला त्या पुस्तकाकडे वळावेच लागते. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्याच्याच नावाचे. स्कॉटिश मिशनचे केंद्र पुढे भंडारा शहरातही सुरू झाले. सांगायला आलेला माणूस ऐकायलाही शिकला, तेव्हाच त्याच्या हातून टिकाऊ असे काही घडले. हे सूत्र मनात ठेवून पुन्हा १८९३च्या डब्यात जाऊ.

८/
त्या संवादाविषयी आपल्याला कळते ते मुख्यतः दोन ठिकाणांहून. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ साली लिहिलेले टिळकांचे इंग्रजी चरित्र, आणि १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. म्हणजे दोन्ही वृत्तान्त घटनेनंतर तीस-चाळीस वर्षांनी छापले गेले आणि दोन्हींच्या मुळाशी टिळकांनी स्वतः सांगितलेली आठवण आहे. त्या डब्यात लेखनिक नव्हता. म्हणून उच्चारलेल्या शब्दान् शब्दावर भिस्त ठेवण्यापेक्षा संवादाच्या घडणीकडे पाहणे शहाणपणाचे ठरेल. आठवणीत शब्द बदलतात. कोणी कोणाशी कसे वागले, ते मात्र सहसा खोलवर रुतून राहते.

९/
ती घडण अशी : परदेशी माणूस सौजन्याने वागला. बोलणे संस्कृत काव्यापासून सुरू झाले, म्हणजे टिळकांच्या अंगणातून. ज्या विषयात समोरचा माणूस अधिकारी आणि आपण विद्यार्थी, तेथून त्याने आरंभ केला. मग हळूहळू धर्माचा विषय निघाला, ख्रिस्ताविषयी टिळकांना काय वाटते ते त्याने विचारले. निरोप घेताना त्याने नव्या कराराची एक प्रत भेट दिली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. वाद झाला नाही, प्रलोभन दाखवले गेले नाही. एक पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात गेले आणि दोघे आपापल्या वाटेने निघून गेले.

१०/
ते भाकीत अनेकांना उद्धट वाटेल; मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु त्यानंतर वॉर्डने काय केले नाही, तेही पाहा. त्याने पाठपुरावा केला नाही. टिळक राजनांदगावला पोहोचले, बैरागी महंतांच्या परंपरेतील त्या संस्थानात नोकरीस राहिले, आणि पुस्तक स्वतःच्या गतीने वाचू लागले. टिळकांच्याच आठवणीनुसार आरंभी त्यांचे मन त्यात रमेना. डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि मग मात्र पुस्तक खाली ठेववेना. प्रश्न, पत्रव्यवहार, शंका, पुन्हा वाचन असा हा काळ होता. निर्णय घेणाऱ्याच्या शेजारी त्या वेळी कोणी मिशनरी बसलेला नव्हता.

११/
१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो भारतीय पाळकाच्या हातून घ्यावा, हा त्यांचा आग्रह होता आणि तो पाळला गेला. या आग्रहात पुढचे सगळे टिळक दिसतात. ख्रिस्त हवा, साहेबीपणा नको. ज्या अमेरिकन मराठी मिशनशी ते जोडले गेले त्याचे काम मुंबईत १८१३ पासून चालू होते. १८४२ साली सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे त्याचे पत्र मराठी पत्रकारितेतील जुन्या नावांपैकी एक. म्हणजे टिळक एका व्यवस्थित, वेतन देणाऱ्या, इमारती आणि छापखाने असलेल्या संस्थेत आले होते. जातीचे घर गेले, तरी मिशनचे छप्पर मिळाले. त्या छपरालाही पुढे ते आपले घर मानणार नव्हते.

१२/
आता त्या व्यक्तीकडे वळू, जी त्या डब्यात नव्हती. लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८, नाशिकजवळचे जलालपूर. अकराव्या वर्षाच्या आसपास लग्न, सोवळ्याचे विलक्षण स्तोम असलेल्या वडिलांच्या घरात बालपण, आणि नवरा कधी कोठे निघून जाईल याचा नेम नाही असा संसार. नवऱ्याने धर्म बदलला, ही बातमी त्यांच्यावर कोसळली तेव्हा पदरात लहानगा दत्तू होता. नातलगांनी त्यांना सांभाळले. पंढरपुरात त्या काही काळ राहिल्या. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीने ही अवस्था विलक्षण होती. नवरा जिवंत, म्हणून वैधव्य नाही. नवरा बाटला, म्हणून संसारही नाही.

१३/
रेल्वेतील एका सौजन्यपूर्ण संवादाची ही किंमत, आणि ती मोजणाऱ्या बाईला कोणी काही विचारलेच नव्हते. धर्मांतराच्या गौरवकथा हे पान बहुधा घाईने उलटतात. धर्मांतरावरील टीकाकार याच पानावर थांबतात आणि पुढे वाचत नाहीत. ‘स्मृतिचित्रे’चे मोठेपण असे, की लक्ष्मीबाई दोघांनाही तसे करू देत नाहीत. आपला संताप, आपले रडणे, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, त्याचे प्रेम, नातलगांची माया आणि त्यांचा जाच, हे सगळे त्या एकाच निर्मळ विनोदी आवाजात सांगतात. मराठी आत्मचरित्रांत हे पुस्तक आजही अग्रभागी मानले जाते, त्याचे कारण हा खरेपणा.

१४/
जवळजवळ पाच वर्षे हे दांपत्य विभक्त राहिले. पुढे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला नवऱ्याकडे आल्या. ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, नांदायला आल्या. सोवळे-ओवळे पाळत, आपले अन्नपाणी वेगळे ठेवत त्या ख्रिस्ती वस्तीत राहू लागल्या. येथे टिळकांची खरी परीक्षा होती. व्यासपीठावरून श्रोत्यांना जिंकणारा वक्ता, पण घरात ऐकणारी बायको त्याच्या युक्तिवादाने बदलणारी नव्हती. तिला वेळ देण्यावाचून मार्ग नव्हता. उतावळ्या स्वभावाच्या माणसाला हे किती जड गेले असेल, हे लक्ष्मीबाईंनी रेखाटलेले टिळक ज्यांनी वाचले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

१५/
लक्ष्मीबाईंच्या मनातील गाठ सुटली ती त्यांच्या स्वतःच्या विचाराने. जात देवाने निर्माण केली की माणसाने, या एकाच प्रश्नाशी त्या झगडल्या. ती माणसाने केली आहे असे एकदा पटल्यावर त्यांनी ज्यांच्या हातचे पाणी वर्ज्य मानले होते त्यांच्या हातचे पाणी घेतले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी, मग पाणीसंस्कार. ज्या बाईला लहानपणी परक्या सावलीचीही धास्ती शिकवली गेली, तिने पाण्याचा एक पेला उचलणे आणि एखाद्याने अटलांटिक ओलांडणे, यांपैकी मोठा प्रवास कोणता? माझे उत्तर मला ठाऊक आहे. तुम्ही आपले ठरवा.

१६/
यानंतर या दोघांनी आपला विश्वास इतरांना कसा सांगितला? येथे थोडे मागे जाऊ. ख्रिस्ताची कथा मराठी छंदात सांगण्याची परंपरा जुनी आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला, आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे अहमदनगरकडील ख्रिस्ती मंडळींत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. तरीही एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ मराठी ख्रिस्ती उपासना पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांतून चाले. शब्द मराठी आणि सूर परका, असे ते मिश्रण होते.

१७/
टिळकांनी ही अडचण नेमकी ओळखली. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मोकळेपणाने म्हणत. अशी भाषा दोन्हीकडे अडचणीची होती. जुन्या समाजाला तो बाटगा वाटे, आणि काही ख्रिस्ती मंडळींना हे जुन्या धर्माचे ओझे वाटे. तरीही त्यांनी अभंग रचले, भजने लिहिली, कीर्तने केली. मराठी चर्चच्या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आजही गायिली जातात. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. मराठी मिशनच्या वर्तुळात राहूनही त्यांचे घर सर्वांना खुले होते. बालकवी ठोमरे यांनी कितीतरी दिवस त्या घरी काढले, टिळक पतिपत्नींची माया अनुभवली, आणि ते हिंदूच राहिले. त्याने त्या मायेत काही उणे आले नाही.

१८/
शेवटचा उंबरठा १९१७ साली आला. टिळक तेव्हा पंचावन्न वर्षांचे, प्रतिष्ठित, दीक्षित पाळक, प्रसिद्ध कवी. या वयात माणूस स्थिरावतो. टिळकांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली, भगवी वस्त्रे पत्करली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचे, बाप्तिस्मा घेतलेल्यांचे आणि न घेतलेल्यांचेही, हे बंधुमंडळ असावे अशी कल्पना होती. पगार घेऊन धर्म सांगणाऱ्याच्या शब्दाला लोक पगाराच्या तराजूत तोलतात, हे त्यांना बावीस वर्षांच्या अनुभवाने कळले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. मात्र ख्रिस्त सेवा संघाचे संस्थापक असलेल्या त्याच विन्स्लोंनी टिळकांचे चरित्र लिहिले, हा योगायोग नसावा. भारतीय वेषात, भारतीय रीतीने राहणारे बंधुमंडळ हीच त्यांच्याही मनातली कल्पना होती.

१९/
टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचे महाकाव्य आरंभिले होते. पहिले दहाच्या आसपास अध्याय लिहून ते गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. मुळाक्षरांशी झगडत लिहायला शिकलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली बाई नवऱ्याचे अपुरे महाकाव्य पूर्ण करते! १९३३ साली नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वी ज्या शहरातून निघालेल्या गाडीत त्यांचे आयुष्य त्यांना न विचारता बदलले गेले, त्याच शहरात आता लोक त्यांचे बोलणे ऐकायला जमले होते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले.

२०/
आता तिघांना एका ओळीत उभे करून पाहू. वॉर्ड आपला देश सोडून आला, पण आपली खात्री सोडून आला नव्हता. टिळकांनी जात सोडली, मग मिशनचे छप्परही सोडले. लक्ष्मीबाईंनी सुरुवातीला काहीच स्वेच्छेने सोडले नाही. त्यांचे सगळे हिरावले गेले, आणि त्या राखेतून त्यांनी आपला निर्णय स्वतः घेतला. विश्वास एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोहोचला तो ऐकणाऱ्याला नकाराची मुभा होती तेथेच. वॉर्डने पुस्तक देऊन टिळकांना एकटे सोडले. टिळकांना, मनाविरुद्ध का होईना, लक्ष्मीबाईंसाठी थांबावे लागले. लक्ष्मीबाईंनी तर आपल्या पुस्तकात वाचकाला कोठेही बोलावले नाही. फक्त घडले ते सांगितले. या तीन सांगण्यांपैकी आज सर्वाधिक वाचले जाते ते तिसरे.

२१/
‘धर्मांतर’ हा शब्द आज उच्चारताच आवाज चढतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या शब्दाआड उभी असलेली माणसे मोजावीत, असे मला वाटते. सत्ता कोणाकडे होती, निर्णय कोणी घेतला, किंमत कोणी दिली आणि पुढे आपली कथा सांगण्याची संधी कोणाला मिळाली, हे चार प्रश्न विचारले की गौरव आणि निषेध या दोन्हींच्या पलीकडचे काहीतरी दिसू लागते. हिस्लॉपच्या काळातील बाबा पांडुरंगाला आपली कथा स्वतः लिहून ठेवता आली नाही, म्हणून तो आपल्याला इतरांच्या कागदपत्रांतून ओझरता भेटतो. लक्ष्मीबाईंनी लिहिले, म्हणून त्या घरातल्यासारख्या भेटतात.

२२/
गेल्या आठवड्यात नागपूरहून परतताना समोर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले, “काय वाचता, बाळ?” हातात ‘स्मृतिचित्रे’ होते. मी पुस्तक त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा लावून दोन पाने वाचली, गालात हसले, आणि मग वरठी येईपर्यंत आम्ही बोलत राहिलो : त्यांच्या आजीच्या सोवळ्याविषयी, माझ्या शिक्षणाविषयी, यंदाच्या धानाविषयी. कोणी कोणाचे मत बदलले नाही. उतरताना पुस्तक मी त्यांच्याकडेच ठेवले. ते तुमसरला उतरणार होते. वाचतील, न वाचतील. स्थानकाच्या पाटीखाली उभे राहून गाडी वैनगंगेच्या दिशेने निघून जाताना पाहिली, आणि हा धागा लिहायचे ठरवले.